तोशिओ सुझुकी नसते तर मियाझाकी झाले असते का? (आणि निर्माता नेमकं करतो तरी काय?)

गवतीचहा (धागाकर्ती)

घिबली हा जपानी ॲनिमेशन स्टुडिओ म्हटला की आपल्याकडे एकच नाव निघतं, दिग्दर्शक हायाओ मियाझाकी. सिनेमाचा किडा असलेला कुणी असेल तर फार तर इसाओ ताकाहातांचं नाव घेतो. तिसरं नाव कुणीच घेत नाही. ते तोशिओ सुझुकी यांचं. माझं म्हणणं असं की हा माणूस नसता तर पहिली दोन नावं आपल्यापर्यंत पोचलीच नसती.

थोडी ओळख करून देते. जन्म १९४८, नागोया. केइओ विद्यापीठात साहित्य शिकून १९७२ साली तोकुमा शोतेन या प्रकाशन संस्थेत चिकटले. सुरुवातीची वर्षं एका चटपटीत साप्ताहिकात काढली. १९७८ मध्ये त्याच संस्थेने 'आनिमेज' हे ॲनिमेशनला वाहिलेलं मासिक काढलं आणि पहिला अंक उभा करायचं काम ऐनवेळी यांच्या गळ्यात पडलं. ॲनिमेशनमधलं तोवर ओ की ठो कळत नव्हतं. कुणीतरी सांगितलं की ताकाहातांचा १९६८ चा एक जुना चित्रपट भारी आहे, म्हणून त्यांना फोन लावला. ताकाहातांनी आपण मुलाखत का देणार नाही हे तासभर समजावून सांगितलं आणि शेवटी शेजारच्या मियाझाकींच्या हातात फोन दिला. मियाझाकी म्हणाले, बोलण्यासारखं भरपूर आहे, पण सोळा पानं द्या. शेवटी दोघांचंही काही छापलं नाही. हा किस्सा खुद्द सुझुकींनीच अनेकदा सांगितलाय.

दुसऱ्या कुणी असल्या विक्षिप्त लोकांचा नाद सोडला असता. यांनी पुढची चाळीस वर्षं त्याच दोघांना सांभाळलं.

तर प्रश्न असा. निर्माता म्हणजे पैसे लावणारा, असं आपण धरून चालतो. सुझुकी काही पैसेवाले नव्हते, नोकरदार माणूस. मग त्यांनी नेमकं केलं काय? आणि त्याला कलेतला वाटा म्हणायचं की नुसती विक्रीकला?

रिकामटेकडा

पहिला!

निर्माता म्हणजे ज्याच्या बायकोचं नाव पडद्यावर 'प्रस्तुती' म्हणून येतं तो. पुढचा प्रश्न?

पेठकर

शीर्षकच पटलं नाही. सुझुकी भेटायच्या आधीच मियाझाकी 'झालेले' होते. १९७४ च्या हायडी मालिकेत ताकाहाता दिग्दर्शक आणि मियाझाकी त्यांचे उजवे हात. १९७८ मध्ये जपानच्या एनएचके वाहिनीवर कोनान ही त्यांची स्वतःची मालिका आली. १९७९ मध्ये पहिला चित्रपट आला. हे सगळं एका मासिकाच्या संपादकाच्या कृपेने झालं का? हुशार माणूस होता, वाहत्या गंगेत हात धुतले, पुढे ढोल छान वाजवला. त्याबद्दल मान आहेच. पण ढोल वाजवणाऱ्याला मूर्तिकार म्हणू नका.

निशिगंध

रुमाल टाकून ठेवते. सविस्तर लिहायचंय, मुलीची परीक्षा संपू दे.

कळफलक

पेठकर, तुमच्याच १९७९ च्या चित्रपटाचं पुढे काय झालं तेही सांगा की. 'कॅग्लिओस्त्रो'ला आज डोक्यावर घेतात, पण तेव्हा गल्ल्यावर यथातथाच होता. त्यानंतर मियाझाकींना कुणी दुसरा चित्रपट देत नव्हतं. 'झालेले' मियाझाकी घरी बसायच्या बेतात होते.

त्या चित्रपटाच्या वेळचीच एक गोष्ट. सुझुकी आणि त्यांचा एक सहकारी मुलाखतीसाठी स्टुडिओत गेले. मियाझाकींनी मान वर करून पाहिलं नाही. हे दोघे शेजारी खुर्च्या टाकून बसले. दुसऱ्या दिवशी परत तेच. मियाझाकी मध्यरात्र उलटेपर्यंत चित्रं काढतायत आणि हे नुसते बसून. काही दिवस असे गेल्यावर मियाझाकींनी गाड्यांच्या पाठलागाचा एक प्रसंग पुढे सरकवला आणि विचारलं, मागून येऊन असं पुढे काढतात त्याला काय म्हणतात? सहकाऱ्याला सायकल शर्यतींचा नाद होता, त्याने चटकन तिथला शब्द सांगितला. मग कुठे बोलणं सुरू झालं.

पुढे सुझुकींनी मियाझाकींच्या चित्रपटाचा प्रस्ताव वरिष्ठांकडे नेला. उत्तर आलं, ज्याच्यामागे आधीचं पुस्तक किंवा चित्रकथा नाही त्यावर पैसे लावता येणार नाहीत. सुझुकी म्हणाले, मग चित्रकथाच छापू. १९८२ मध्ये 'आनिमेज'मध्ये नाउसिका सुरू झाली. वाचकांनी उचलून धरली आणि १९८४ च्या मार्चमध्ये चित्रपट आला. दारं बंद होती, तर यांनी आधी स्वतःच्या मासिकात भिंत बांधली आणि मग तिला दार पाडलं. याला ढोल म्हणता?

गवतीचहा

@कळफलक, अगदी! आणि नाउसिकाच्याच वेळचा वहीचा किस्सा राहिला. सांगा ना, तुम्ही छान सांगता.

कळफलक

सांगतो. मियाझाकींची एकच अट होती, निर्माता म्हणून ताकाहाता हवेत. सुझुकी ताकाहातांकडे गेले. ते रोज काहीतरी कारण काढायचे. अखेर एक अख्खी वही भरून आणली. निर्माता म्हणजे काय, किती प्रकारचे असतात, जपानी निर्माता कसा, युरोपातला कसा, सगळं मुद्देसूद. शेवटच्या ओळीत निष्कर्ष, म्हणून मी निर्माता व्हायला लायक नाही.

सुझुकींनी मियाझाकींना सांगितलं, ते नाही म्हणतायत, त्यांच्याशिवाय करू या. मियाझाकी त्यांना प्यायला घेऊन गेले आणि तिथे रडायला लागले. माझी उमेदीची पंधरा वर्षं मी त्या माणसाला दिली आणि मला बदल्यात काही मिळालं नाही, असं त्यांचं म्हणणं. ते ऐकून सुझुकी तडक ताकाहातांकडे गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले, तुमचा मित्र अडचणीत आहे आणि तुम्ही वही भरत बसलाय! ताकाहाता म्हणाले, बरं, करतो.

गवतीचहा, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हेच. निर्माता कोण याची व्याख्या ताकाहातांच्या वहीत होती, काम त्या रात्री सुझुकींनी केलं.

अक्कलखाते

दंडवत! वाचनखूण साठवली आहे.

रच्याकने, त्या वहीची झेरॉक्स मिळेल का? आमच्या निर्मात्याला भेट द्यायची आहे.

पेठकर

किस्सा उत्तम, पण सांगणारा कोण? सुझुकीच. हे सगळे किस्से त्यांच्याच तोंडून आलेत. २००७ पासून रेडिओवर कार्यक्रम चालवतायत, पुस्तकांवर पुस्तकं आहेत, मुलाखतींना तोटा नाही. ज्याच्या हातात माईक त्याचीच गोष्ट. मियाझाकींनी किंवा ताकाहातांनी लिहिलं असतं तर कदाचित वेगळं दिसलं असतं. पत्रकाराने घडवलेली दंतकथा आहे हे लक्षात ठेवून वाचा एवढंच.

गवतीचहा

हा मुद्दा मान्य. पण दंतकथा घडवता येणं हेसुद्धा त्या कामात धरायला हवं, नाही का?

निशिगंध

आले परत. परीक्षा संपली, गणिताचा पेपर अवघड गेला म्हणे. असो.

१९८८ ची गोष्ट लिहायची होती. मियाझाकींच्या 'टोटोरो' चित्रपटाचा प्रस्ताव तोकुमाने नाकारला होता. पन्नासच्या दशकातलं खेडेगाव, दोन मुली आणि एक केसाळ भूत, हे पाहायला येणार कोण? मग तो ताकाहातांच्या 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' म्हणजे 'काजव्यांचं थडगं' या चित्रपटाला जोडला. ते पुस्तक दुसऱ्या प्रकाशनाचं, शिंचोशाचं. त्यामुळे एका चित्रपटाचे पैसे तोकुमा घालणार आणि दुसऱ्याचे शिंचोशा. तोकुमातले एक वरिष्ठ वैतागून म्हणाले होते म्हणे की भूत कमी होतं म्हणून आता थडगंही आणलंत! दोन्ही चित्रपट १६ एप्रिल १९८८ ला एकाच तिकिटात लागले.

मी विचार करते त्या दिवशी थिएटरात पोरांना घेऊन गेलेल्या आयांचा. आधी टोटोरो लागला असेल तर ठीक, पोरं हसली असतील, पण लगेच पाठोपाठ उपाशी मरणारी बहीण-भावंडं. उलटा क्रम असेल तर पहिल्या चित्रपटानंतर डोळे पुसत दुसऱ्यात बसायचं. काजव्यांचा मी एकदा पाहिला, तो फळांच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा आहे ना त्यात, आता दुकानात तसा डबा दिसला तरी हात पुढे होत नाही. परत बघणार नाही.

गंमत म्हणजे दोन्ही चित्रपटांनी तेव्हा फारसा गल्ला भरला नाही. टोटोरो मोठा झाला तो टीव्हीवर. एप्रिल १९८९ मध्ये निप्पॉन टीव्हीने दाखवला, मग पुन्हा पुन्हा दाखवत राहिले, आणि मऊ बाहुल्या विकायला लागल्यावर तर घिबलीच्या घरात पैसा आला. आज त्यांच्या बोधचिन्हावर तोच बसलाय.

सुलूची आई

निशिगंध ताई, काजव्यांचा चित्रपट मी मुलीला दाखवायला काढला होता. वीस मिनिटांत ती झोपली आणि मी रात्री दोनपर्यंत मुसमुसत होते. घरचे विचारत होते, माहेरी सगळं ठीक आहे ना?

नागोयाकर

टीव्हीचा विषय निघाला म्हणून लिहितो. इथे जपानमध्ये नोकरीनिमित्त बरीच वर्षं आहे. घिबली इथे थिएटरपेक्षा शुक्रवार रात्रीच्या टीव्हीवर जास्त जगतं. निप्पॉन टीव्हीवर शुक्रवारी रात्री नऊला चित्रपट लागतो, आणि त्यात घिबलीची फेरी ठरलेली. पाहिलेलाच चित्रपट सगळं घर परत बघतं. ऑगस्ट २०१३ मध्ये मियाझाकींचा 'लापुता' लागला होता तेव्हा शेवटचा मंत्र नायक-नायिका म्हणतात त्याच क्षणी अख्ख्या देशाने तो ट्विटरवर टंकला. एका सेकंदात १,४३,१९९ ट्विट. तेव्हाचा जागतिक विक्रम. चित्रपट १९८६ चा!

ही टीव्हीची सोयरीक सुझुकींनीच जमवली. मियाझाकींच्या 'किकी' चित्रपटाच्या वेळी वितरण करणाऱ्या तोएई कंपनीतल्या एकाने त्यांना तोंडावर सांगितलं की मियाझाकी आता संपले, प्रेक्षक कमी होत चाललेत. सुझुकी तिथून उठले आणि थेट निप्पॉन टीव्हीत गेले. वाहिनीने पैसेही घातले आणि जाहिरातही केली. किकीची काळी मांजर आणि यामातो कुरिअरच्या बोधचिन्हातली काळी मांजर, हा योगही त्याच चित्रपटाच्या पथ्यावर पडला, कंपनी प्रायोजक झाली. १९८९ मधला तो घिबलीचा पहिला दणदणीत चित्रपट. त्याच वर्षी सुझुकी तोकुमा सोडून पूर्णवेळ घिबलीत आले.

तोवर ते नोकरी मासिकात करत होते आणि चित्रपट त्यातून वेळ काढून. हे ऐकून मला माझ्या ओव्हरटाइमबद्दल तक्रार करावीशी वाटत नाही.

अक्कलखाते

नागोयाकर, घिबली संग्रहालयाची तिकिटं मिळत नाहीत असं ऐकलं. ऑक्टोबरात जायचा बेत आहे. वशिला?

नागोयाकर

वशिला चालत नाही, तेच तर दुःख. मिताकाच्या संग्रहालयाचं तिकीट दारात मिळतच नाही. दर महिन्याच्या १० तारखेला सकाळी दहाला पुढच्या महिन्याची विक्री लॉसन या दुकानसाखळीमार्फत सुरू होते. जपानी वेळ, म्हणजे तुमचे पहाटेचे साडेसहा. गजर लावा. आत फोटो काढायला मनाई आहे. प्रवेश करताना हातात जे तिकीट देतात त्यात खऱ्या रिळाचा तुकडा असतो, उजेडाकडे धरला की एखाद्या चित्रपटाची चौकट दिसते. माझ्या मित्राला किकी उडताना मिळाली. मला एक झाड.

इकडे नागोयाजवळ २०२२ मध्ये घिबली पार्कही झालंय, सुझुकींच्या गावाकडे. तिथे मोठे आकाशपाळणे वगैरे नाहीत, मुख्यतः फिरायचं. पोरं कंटाळतात, आईबाप रमतात.

रिकामटेकडा

साडेसहा हजार किलोमीटर जाऊन झाड. आमच्या सोसायटीत आहे की.

पेठकर

धागा पर्यटनाकडे वळण्याआधी थोडं कडू लिहितो. सुझुकींची सगळी गणितं दोन म्हाताऱ्यांवर उभी होती आणि तिसरा कुणी उभा राहिला नाही. एक राहू शकला असता, योशिफुमी कोंदो. १९९५ मध्ये त्याने घिबलीसाठी जो चित्रपट केला तो माझ्या मते त्या दशकातला त्यांचा सर्वांत निर्मळ चित्रपट. १९९८ च्या जानेवारीत सत्तेचाळीसाव्या वर्षी गेला. तिथल्या कामाच्या ओझ्याबद्दल जपानमध्येच बरंच लिहिलं गेलंय.

मग २००६ मध्ये सुझुकींनी मियाझाकींच्या मुलाला, गोरोला, दिग्दर्शनाला बसवलं. गोरो बागा आखणारा माणूस, संग्रहालयाचा पहिला व्यवस्थापक. ॲनिमेशनचा अनुभव शून्य. बापाचा उघड विरोध. चित्रपट चालला, समीक्षकांनी सोलला, मूळ कादंबऱ्यांची लेखिका उर्सुला ले ग्विन यांनीही नाराजी जाहीरपणे लिहिली. बापलेकातलं भांडण आयतं प्रसिद्धीला मिळालं. निर्मात्याने घरातली भांडणं तिकीटबारीवर आणावीत का?

सुलूची आई

गोरोबद्दल मला वाईट वाटतं. वडील इतके मोठे की जेवणाच्या ताटावरही त्यांच्याशी तुलना होत असणार. पण पेठकर काका, त्याने पुढे २०११ मध्ये दुसरा चित्रपट केला, त्याची पटकथा वडिलांनीच लिहिली होती आणि तो सुंदर आहे. म्हणजे अगदीच वाया नाही गेलं.

जुनंखोड

निर्माता आणि दिग्दर्शक यांच्या श्रेयावरून वाद घालताय तर जपानातलाच एक जुना नमुना सांगतो. मासाइची नागाता, दाइएई स्टुडिओचे सर्वेसर्वा. मोठमोठ्या गप्पा मारायचे म्हणून लोक त्यांना 'तुतारी' म्हणत. १९५० मध्ये कुरोसावांचा 'राशोमोन' त्यांच्या स्टुडिओत झाला. पाहून बाहेर आले आणि म्हणाले, मला काही कळलं नाही. ज्यांनी तो चित्रपट पुढे रेटला त्यांच्यावरच खप्पा मर्जी. पुढे जपानमध्ये राहणाऱ्या एका इटालियन बाईंच्या शिफारशीवरून तो व्हेनिसला गेला. कुरोसावांना पत्ताच नव्हता. १९५१ मध्ये सुवर्णसिंह मिळाला आणि नागाता रातोरात त्या चित्रपटाचे जनक झाले. टीव्हीवर मुलाखत देऊन सगळं श्रेय घेतलं, दिग्दर्शकाचं नावही धड घेतलं नाही, असं कुरोसावांनी आत्मचरित्रात लिहिलंय.

तरीही नागातांना मी नुसतं हसण्यावारी नेणार नाही. त्यानंतर त्यांनी मिझोगुचींना पैसे दिले. १९५३ चा 'नरकाचे द्वार' कानमध्ये पहिला आला. १९६१ मध्ये गौतम बुद्धांवर जपानचा पहिला ७० मिमी चित्रपट काढला. बेसबॉलचा संघ बाळगला, त्यासाठी टोकियोत मैदान बांधलं. आंधळ्या तलवारबाजाची मालिका आणि उडणारं कासव यांवर काही वर्षं तगले, पण टीव्हीने थिएटरं रिकामी केली आणि १९७१ मध्ये दाइएई दिवाळखोरीत गेली.

व्हेनिसचं नाव निघालं की आपली 'संत तुकाराम'ची आठवण होतेच. १९३७ मध्ये तिथे गौरव झाला होता. प्रभातमध्ये निर्माते, दिग्दर्शक, ध्वनी, नेपथ्य सगळे भागीदारच. दामले, फत्तेलाल, धायबर, कुलकर्णी, शांतारामबापू. तिथे कुणाला श्रेय द्यायचं हा प्रश्नच आला नसावा. आला तो पुढे, भागीदारी फुटली तेव्हा.

कळफलक

जुनंखोड, मस्त प्रतिसाद. फरक बघा, नागातांना चित्रपट कळला नाही आणि बक्षीस मिळाल्यावर ते पुढे आले. सुझुकींना चित्रपट बनत असतानाच कळतो. 'स्पिरिटेड अवे'चं उदाहरण घ्या. मियाझाकींनी आधी जी गोष्ट रचली होती त्यात मुलगी चेटकिणीला हरवते आणि मग तिच्याहून मोठी बहीण निघते, तिलाही हरवते. ऐकून सुझुकींचा चेहरा पडला, तीन तासांचा चित्रपट झाला असता. ते पाहून मियाझाकींनी पुलावर नुसतं उभं असलेलं एक मुखवट्याचं पात्र उचललं आणि म्हणाले, हा आठवतो का? तेच ते बिनचेहऱ्याचं भूत. पुढे सुझुकींनी जाहिरातीही त्याच्यावरच केल्या. २००१ मध्ये चित्रपट आला, ३० अब्ज येनच्या पुढे गेला. बर्लिनचा सुवर्ण अस्वल आणि ऑस्कर दोन्ही. १९ वर्षं जपानातला सर्वाधिक कमाईचा विक्रम टिकला.

पेठकर

चेहरा पडणं हे काम असेल तर आमची ही जगातली सर्वोत्तम निर्माती आहे.

रिकामटेकडा

काका, हसून हसून पुरेवाट!

गवतीचहा

'मोनोनोके' चित्रपटाच्या वेळचं तर विसरलोच. मियाझाकींना चित्रपटाचं नाव नायकाच्या नावावरून ठेवायचं होतं. सुझुकींनी त्यांना न विचारता पहिल्या झलकीतच 'मोनोनोके हिमे' टाकून दिलं. नंतर मियाझाकी विचारायला आले, तुम्ही ते नाव दिलंत? हे म्हणाले, हो, दिलं. मियाझाकी निघून गेले. बस्स. आणि अमेरिकेत वितरकाला सव्वादोन तासांचा चित्रपट दीड तासावर आणायचा होता, तर सुझुकींनी हार्वी वाइनस्टीनला तलवार भेट दिली. निरोप एवढाच, कात्री लावायची नाही. कात्री लागली नाही.

कर्जतलोकल

बरेच दिवस वाचनमात्र होतो. या धंद्यात असल्यामुळे राहवलं नाही. मी मराठी मालिकांना प्रॉडक्शनमध्ये काम केलंय, आता वेब सिरीजला करतो.

सुझुकी ज्याला निर्मिती म्हणतात त्याची आपल्याकडे चार-पाच माणसांत वाटणी होते. पैसे चॅनेलचे. कथा कुठे जाणार ते चॅनेलचा ईपी, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर, सांगतो. निर्माता म्हणजे ज्याच्या नावावर काँट्रॅक्ट आहे तो. रोजचा संसार प्रॉडक्शन मॅनेजर चालवतो. जनरेटर आला का, अमुक तारखेला लीडचं लग्न आहे तर बँक (आधीच शूट करून ठेवलेला साठा) किती एपिसोडची करायची, पाऊस आला तर आतला सीन काढता येईल का. पेमेंट नव्वद दिवसांनी. एका मालिकेत नव्वदचे दोनशे झाले, मग शो बंद पडला आणि राहिलेलं राहूनच गेलं. स्पॉटदादांना मी कोणत्या तोंडाने सांगायचं?

म्हणून किकीनंतर घिबलीने जे केलं ते मला सर्वांत मोठं वाटतं. तोवर तिथेही चित्रपट आला की माणसं गोळा करायची, संपला की पांगायची. काढलेल्या चित्रागणिक पैसे. नव्वदच्या सुमारास त्यांनी चित्रकारांना कायम केलं, पगार सुरू केले, नवीन मुलं घेऊन शिकवायला लागले. १९९२ ला स्वतःची इमारत बांधली. कल्पना मियाझाकींची, पण दर महिन्याच्या पगाराचे पैसे उभे करायचं काम सुझुकींचं. पगार द्यायचा म्हणजे एकामागून एक चित्रपट काढावेच लागतात, आणि प्रत्येक चालावाच लागतो. जाहिरातीची ती सगळी आरडाओरड यातून आली. पेठकर काका त्याला ढोल म्हणतात, मी पगारपत्रक म्हणतो.

अक्कलखाते

+१००. या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

निशिगंध

कर्जतलोकल, लिहिते व्हा. पैसे बुडालेल्यांचा एक स्वतंत्र धागा काढा, निम्मा आंतरजाल तिथे येईल.

पेठकर

कर्जतलोकल यांचा प्रतिसाद आवडला. पगाराचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, आणि तो वजनदार आहे. पण त्याच पगारामुळे २०१४ मध्ये मियाझाकींच्या निवृत्तीनंतर निर्मिती विभागच थांबवावा लागला ना? माणसं पांगलीच. ताकाहातांचा कागुयाचा चित्रपट तर आठ वर्षं चालला, ५ अब्ज येन खर्च, निप्पॉन टीव्हीच्या उजिइए साहेबांना ताकाहाता आवडायचे म्हणून निभावलं. त्याचे निर्माते सुझुकी नव्हते, निशिमुरा नावाचा तरुण होता. त्याने ताकाहातांसमोर कशी वर्षं काढली असतील त्यावर कुणी लिहा.

झोपाळू

सगळे जपानी निर्माते घिबलीचेच का? युगो साको विसरलात का मंडळी? 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम'! लहानपणी टीव्हीवर लागला की आम्ही चाळीतली सगळी पोरं एका घरात. साको मूळचे टीव्हीसाठी माहितीपट करणारे. भारतावर बरेच केले. ८० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या रामायणस्थळांच्या उत्खननावर माहितीपट करायला आले आणि रामायणाच्या प्रेमात पडले. सुरुवातीला विश्व हिंदू परिषदेने आक्षेप घेतला, परदेशी माणूस आमच्या देवाचं कार्टून करणार म्हणून. साकोंनी नाद सोडला नाही. मुंबईचे ॲनिमेटर राम मोहन यांना बरोबर घेतलं, चित्रं जपानमध्ये काढली, संगीत वनराज भाटियांचं, गाणी संस्कृतात. हिंदीत रामाला अरुण गोविल आणि रावणाला अमरीश पुरींचा आवाज. थिएटरात धड लागलाच नाही, टीव्हीने जगवला. साको २०१२ मध्ये गेले. २०२५ च्या जानेवारीत तो इथल्या थिएटरांत वाजतगाजत लागला. मी पोराला घेऊन गेलो होतो. कुंभकर्ण उठतो तिथे तो खुर्चीत पाय वर घेऊन बसला.

जुनंखोड

झोपाळू, यावर स्वतंत्र धागा हवा. राम मोहन यांच्यावरही मराठीत जवळजवळ काही नाही.

सुलूची आई

आयडी झोपाळू आणि आठवण कुंभकर्णाची :)

कळफलक

मूळ विषयाकडे येतो. सुझुकी नुसते जाहिरातबाज असते तर २०२३ मध्ये त्यांनी जे केलं ते केलं नसतं. मियाझाकींचा नवा चित्रपट, १४ जुलैला प्रदर्शन, आणि जाहिरात म्हणून फक्त एक पोस्टर. बगळ्याचं चित्र. झलक नाही, कलाकारांची नावं नाहीत, कथा काय ते नाही. हल्ली चित्रपट पाहायच्या आधीच सगळा कळून चुकलेला असतो, आपल्या तरुणपणी नुसत्या पोस्टरवरून अंदाज बांधत जायचो, असं त्यांचं म्हणणं. पैसे घिबलीने एकटीने घातले होते, त्यामुळे विचारायला कुणी भागीदार नव्हता. एरवी जपानमध्ये निर्मिती समिती असते, वाहिनी, प्रकाशक, जाहिरात कंपनी सगळे थोडे थोडे पैसे घालतात आणि सगळ्यांना थोडी थोडी जाहिरात हवी असते. चित्रपट चालला, पुढच्या मार्चमध्ये ऑस्कर मिळालं. घ्यायला दोघांपैकी कुणी गेलंच नाही.

आणि त्यातला तो लबाड, थापाड्या, तरीही पोराला वाट दाखवणारा बगळा? तो सुझुकींवरून बेतलाय. आणि मनोऱ्यातला म्हातारा ताकाहातांवरून. हे सुझुकींनीच सांगितलंय, म्हणजे पेठकर परत माईकचा मुद्दा काढतील.

पेठकर

काढणारच. शिवाय एका पोस्टरवर चित्रपट चालवायला आधी चाळीस वर्षांची जाहिरात पाठीशी लागते. नवख्या दिग्दर्शकाचा चित्रपट असा सोडून दाखवा, मग बोलू.

पण बगळ्याचं मात्र पटतं. मियाझाकींनी मित्राला नायकाचा भाऊ नाही केलं, गुरू नाही केलं. टक्कल, मोठं नाक, वाईट दात आणि सतत खोटं बोलणारा केलं. हा त्यांचा या धाग्यावरचा प्रतिसाद समजू या.

गवतीचहा

पेठकर, इतकं मान्य केलंत, पुष्कळ झालं!

सप्टेंबर २०२३ ची बातमी राहिली. घिबली आता निप्पॉन टीव्हीच्या पंखाखाली गेली, ४२.३ टक्के मताधिकार त्यांच्याकडे. गोरोला सूत्रं द्यायचा विचार होता, त्याने नको म्हटलं. किकीच्या वेळी ज्या दारात मदत मागायला गेले तिथेच शेवटी चाव्या दिल्या. वाहिनी म्हणते, कलेत ढवळाढवळ करणार नाही. कर्जतलोकल, वाहिन्या असं म्हणतात तेव्हा अनुभव काय?

कर्जतलोकल

पहिल्या क्रिएटिव्ह मीटिंगपर्यंत पाळतात.

अक्कलखाते

नागोयाकर, पहाटे साडेसहाला बसलो होतो. रांगेत आधी काही हजार लोक. चाळीस मिनिटांनी पान उघडलं, शनिवार-रविवार संपलेले, बुधवार दुपारी चारचं मिळालं. बुधवारी सुट्टी नसते ना त्यांना?

नागोयाकर

तिकीट विकलंय म्हणजे उघडं आहे. पासपोर्ट बरोबर ठेवा, नाव तपासतात.